जालन्याहून समुद्र किती लांब?

हिवाळा लागला की मला ठरलेला मेसेज येतो. "चार दिवस सुट्टी आहे, तारकर्लीला जायचंय, स्कूबा करायचाय, जमलं तर जंगल-बिंगल पण. प्लॅन दे." मी कोड लिहून पोट भरतो, ट्रॅव्हल एजंट नाही. पण इतिहासाचा पॉडकास्ट चालवणाऱ्या माणसाला सगळंच विचारलं जातं. तर आजच्या भागात प्लॅन देतो, पण आपल्या पद्धतीनं. म्हणजे आधी दोन हजार वर्षं मागे जाऊ आणि मग बॅग भरू.

सुरुवात एका तारखेपासून करतो. १ मे १९८१. या दिवशी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा झाला, सोबत परभणीचा परतूर तालुका आला. त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. मुख्यमंत्री होते बॅ. अ. र. अंतुले. म्हणजे आपला जिल्हा आणि ज्या जिल्ह्यात तुम्हाला समुद्र बघायला जायचंय तो, हे दोघं जुळे भाऊ. एकाच्या वाट्याला समुद्र आला, दुसऱ्याच्या वाट्याला मोसंबी, स्टील आणि टँकर. आज या दोघांत रस्त्यानं साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. पण हे अंतर नेहमी एवढंच वाटत होतं का? आजचा प्रश्न हाच.

आता भोकरदनला चला. केळना नदीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथले लोक मध्य भारतात जाऊन दान देण्याइतके फिरते आणि पैसेवाले होते. १९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. त्यात सातवाहन काळाच्या इतर वस्तूंबरोबर हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली.

त्या मूर्तीची गंमत अशी, की तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीत सापडली होती, पाँपेई शहरात. साधारण पंचवीस सेंटीमीटर उंचीची, दागिन्यांनी मढलेली. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत पाँपेई गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. ती भारतात नेमकी कुठे घडली यावर अभ्यासकांत वाद आहे. पण पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचं मत होतं, की ती भोकरदनच्या कारागिरांची. ते खरं असेल तर आपल्या जिल्ह्यातली एक वस्तू एकोणीसशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून रोमन माणसाच्या घरात जाऊन बसली होती.

ती गेली कशी? पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे. त्यात पैठण भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर तिथून पुढे दहा दिवसांवर असल्याचं सांगितलंय. माल गाड्यांत घालून, वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून बंदरावर नेत. गोमेदासारखे दगड, जाडंभरडं कापड, मलमल असा तो माल. दुसरी वाट नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरायची. तिथला तो दगडी रांजण तुमच्यापैकी ट्रेकला गेलेल्यांनी बघितला असेल. जकातीचा रांजण म्हणूनच लोक त्याला ओळखतात.

म्हणजे बघा, गाडीबैलांच्या काळात आपल्या पठाराला समुद्र माहीत होता. पण तिकडे जाणारा माणूस लाटा बघायला जात नव्हता. माल उतरवायचा, हिशेब करायचा, परत फिरायचं. आजच्या भागातली ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे समुद्राची वाट आधी मालाची होती.

पुढे जालना स्वतःच मालाचं गाव झालं. 'जालना सोन्याचा पालना' हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या सोन्याची कीर्ती शिवाजी महाराजांपर्यंत पोचली होती. नोव्हेंबर १६७९ मध्ये त्यांच्या फौजेनं जालन्याची पेठ लुटली. आणि याच राजानं त्याच्या पंधरा वर्षं आधी, नोव्हेंबर १६६४ मध्ये, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला होता. जालन्याच्या पैशानं सिंधुदुर्ग बांधला असं म्हणू नका, तारखा उलट्या आहेत. पण पठारावरची पेठ आणि पाण्यातला किल्ला एकाच माणसाच्या नकाशावर होते, एवढं नक्की.

मग हा नकाशा फाटला कधी? अंतरानं नाही फाटला, सरहद्दीनं फाटला. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेलं. कोकण आधी पेशवे आणि सावंतवाडीकर यांच्याकडे, मग मुंबई इलाख्यात. हैदराबादचं नाणं वेगळं, हाली सिक्का. सरहद्दीवर जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. मराठी बोलणारी माणसं दोन्हीकडे, पण मधे नाका. आणि संस्थानाला स्वतःचा समुद्रकिनारा नव्हता. ही बोच इतकी होती, की स्वातंत्र्याच्या आसपास पोर्तुगिजांकडून गोव्यातलं मुरगाव बंदर मिळवण्याच्या हालचाली निजामाच्या बाजूनं झाल्या होत्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत ज्याचं नाव घ्यायचे, त्याच्याकडे एक वाळूचा किनारा नव्हता!

१९००च्या सुमारास मनमाडवरून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे जालन्यातून धावू लागली. कापसाच्या गाठी तिनं मनमाडला, तिथून मुंबईला. परत तेच. माल समुद्राला भेटला, माणूस घरीच राहिला.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे जालना आणि मालवण एकाच राज्यात येऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत समुद्र न पाहिलेली माणसं इतकी का, याचं उत्तर फक्त गरिबीत नाही. रस्ते, रेल्वे, नातीगोती, यात्रा, सगळं हैदराबाद-नांदेड-पैठण या दिशांना वळलेलं होतं. कोकणात ना सोयरीक, ना देव, ना धंदा. मग जायचं कशाला?

'सहज' जायचं, मजेसाठी जायचं, हे तिथेही नवीनच आहे. कोकणातल्या माणसासाठी किनारा म्हणजे कामाची जागा. रापण ओढायची, मासळी वाळवायची, होडी डागडुजीला काढायची. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. तुमचं 'बीच व्हेकेशन' जेमतेम तुमच्या वयाचं आहे मंडळी.

आता समुद्राची वाट पुन्हा रुंद होतेय. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो आणि जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत सलग खुला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये जालन्याजवळ ड्राय पोर्टचं भूमिपूजन झालं, म्हणजे कोरडं बंदर. ज्या जिल्ह्यात प्यायला पाणी नव्हतं तिथे बंदर, यावर आपण पुष्कळ हसलो. पण भोगवर्धन आठवा. ही जुनीच गोष्ट आहे. मोठी वाट आधी मालासाठी होते, फिरणारा माणूस मागून येतो.

आता प्लॅन. आणि या भागाचा खरा मुद्दाही इथेच आहे.

आपल्याला सुट्टी मिळते मे महिन्यात. शाळा बंद, लग्नं झाली, जालन्यात बेचाळीस डिग्री, चला समुद्रावर. पण मे महिन्यात कोकणाची अवस्था काय असते? सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे सातशेच्या आसपास. पण तिथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि उतार सरळ समुद्राकडे. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कित्येक वाड्यांत विहिरी तळाला जातात, टँकर येतात. समोर अथांग पाणी आणि हंडा रिकामा. हे दुःख जालनेकराला समजावून सांगावं लागू नये. २०१२-१३च्या दुष्काळात आपल्या शहरानं टँकरवर दिवस काढलेत. घाणेवाडीचा तलाव कोरडा पडलेला आपण बघितलाय. तोच माणूस मे महिन्यात तारकर्लीत जाऊन दिवसातून तीन वेळा शॉवर घेणार, दर वेळी 'गोड्या पाण्यानं वाळू धुवायची' म्हणून? ते पाणी त्या घराच्या विहिरीचं असतं. होमस्टेवाल्या काकू तोंडानं काही बोलणार नाहीत, कारण तुम्ही पाहुणे आहात.

म्हणून मी महिना बदलायला सांगतो. मालवण-तारकर्लीला नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. समुद्र शांत, पाणी त्यातल्या त्यात नितळ, विहिरीत पाणी. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा दोन्ही बंद असतात, तेव्हा जुलैमध्ये फोन करून भांडू नका. पावसाळ्यातच जायचं तर आंबोली घाटात जा. धबधबे आहेत, रात्री टॉर्च घेऊन माहितगारासोबत बेडूक बघत फिरता येतं. फ्लॅश मारत सुटायचं नाही, एवढं पाळा.

स्कूबा म्हणाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. १९८७ मध्ये तिथलं सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध होता, कारण त्यांची रोजीरोटी त्याच पाण्यात. समुद्र वाचवायचा की पोट, हे भांडण तिथे गेली कित्येक वर्षं चालू आहे. आपण दोन दिवसांचे पाहुणे त्यात काय करू शकतो? प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर जाळ्यात शिरून सेल्फी काढायचा नाही. दोर धरायला बोलावलं तर मात्र जरूर धरा, हात सोलून निघतात.

मुलं बरोबर असतील तर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास बघा, मंडणगड तालुक्यात. पूर्वी तिथे कासवांची अंडी काढून खाल्ली, विकली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. आता साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात आणि लोक ते बघायला गावातल्या घरांत राहतात. पिल्लं रोज निघतीलच याची खात्री नाही. निघाली नाहीत तर पैसे परत मागू नका, कासवांनी बुकिंग घेतलेलं नसतं.

जायचं कसं? रेल्वेनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कणकवली किंवा कुडाळ. गाडीनं जायचं तर पुणे, कोल्हापूर आणि मग फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली घाट. जाण्यायेण्यात दोन-दोन दिवस धरा. चार दिवसांत हे होत नाही, सहा-सात काढा. आणि घरातल्या समुद्र न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी गाडीत बसवा, तुमच्या मित्रांना नंतर. दोन हजार वर्षं आपल्या मालानं समुद्र बघितला, आता माणसांची पाळी आहे.

आजच्या भागात एवढंच. जायच्या आधी एका रविवारी भोकरदनला चक्कर मारा, केळनेच्या काठी उभे राहा. पुढच्या भागात असईच्या लढाईबद्दल बोलू, तेही भोकरदनजवळच आहे. भेटूच.