तळ्याकाठची छावणी : मुलींच्या उन्हाळी शिबिराच्या जागेचा इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाचा, घंटेचा, शाळेचा आणि होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा इतिहास यावा हें योग्यच होय, व तो इतर लेखकांकडे सोपविला आहे. माझ्या वांट्यास आलेला विषय थोडा निराळा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टींत आपल्या मुलींना आठ दिवस एखाद्या तळ्याच्या काठीं शिबिरास न्यावें कीं नाहीं, असा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत निघाला आहे. तरुण मंडळी म्हणते, अवश्य न्यावें. कित्येक माता म्हणतात, "फादर, पाणी तें पाणी, पोरीबाळींचा प्रश्न आहे." दोन्ही पक्षांचें म्हणणें मीं ऐकून घेतलें, आणि असल्या शिबिरांची जागा पूर्वीं कोणी, कोठें व कशी निवडली ह्याचा आधीं शोध घ्यावा असें ठरविलें. त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

आखाजीचा झोका

प्रथम घरचेंच पाहूं. उन्हाळ्यांत मुलींनीं एकत्र जमून मोकळ्या हवेंत दिवस घालवावे ही कल्पना परदेशांतून आली असें समजणें चूक आहे. वैशाखांत अक्षय्यतृतीया, म्हणजे आपली आखाजी आली कीं खानदेशांतील सासुरवाशिणी माहेरीं येतात; निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात; मुली गौराईचीं गाणीं म्हणतात व शेवटीं तिला पाण्यावर पोंचवावयास जातात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीं आखाजीवर कविता रचली ती ह्याच आनंदाची. सण आपल्या हिंदु बांधवांचा खरा. पण त्यांतील शहाणपण साऱ्या खानदेशाचें आहे. नीट पाहिलें तर शिबिरास लागणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यांत आहेत : ओळखीची जागा, दाट सांवली, जवळ पाणी, बरोबर वडीलधाऱ्या बायका आणि रोजच्या कामांतून सुटका. उणीव एवढीच कीं ही सुटका थोड्या दिवसांची, व तीहि बहुधा गांवाच्या शिवेच्या आंत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची आगगाडी आपल्या गांवीं आली. तिच्यांतून बायका माहेरीं गेल्या, सासरीं गेल्या, यात्रेस गेल्या; परंतु निव्वळ मोकळी हवा खाण्याकरितां कोणी आपल्या मुलीस तिकीट काढून दिलें असें माझ्या तरी ऐकण्यांत नाहीं.

सरोवराच्या काठीं

आतां परदेशाकडे वळूं. अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर राज्यांत स्क्वाम नांवाचें सरोवर आहे. त्यांतील एका बेटावर १८८१ सालीं अर्नेस्ट बाल्च नांवाच्या तरुणानें मुलांची छावणी उघडली. तिचें नांव चोकोरुआ. श्रीमंतांचीं मुलें उन्हाळाभर हॉटेलांतून आळसांत दिवस काढतात हें त्याला बोंचलें, व त्यांनीं स्वतः स्वयंपाक करावा, भांडीं घासावीं, नाव वल्हवावी असा त्याचा हेतु होता. ही छावणी १८८९ पर्यंतच चालली. परंतु बेटावर झाडांमध्यें, उघड्या आकाशाखालीं, उपासनेसाठीं जी जागा केली होती, तेथें आजहि उन्हाळ्यांत रविवारची उपासना होते. छावणी मोडली, वेदी राहिली.

मुलींना ही वाट वीस वर्षें उशिरां मिळाली. १९०२ सालीं लॉरा मॅटून ह्या शिक्षिकेनें त्याच राज्यांतील विनिपेसॉकी सरोवराच्या काठीं केहोंका ही मुलींची छावणी काढली. पुढें १९०७ त डॉक्टर ल्यूथर गुलिक व त्यांच्या पत्नी शार्लट यांनीं मेन राज्यांत सेबागो सरोवराच्या काठीं तंबू ठोकले. त्यांच्या छावणीचें वोहेलो हें नांव काम, आरोग्य व प्रेम ह्या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आरंभींच्या अक्षरांपासून बनविलेलें आहे. ह्याच दांपत्याच्या खटपटीनें १९१० सालीं कॅम्प फायर गर्ल्स ही मुलींची संस्था निघाली. १९१६ त मुलींच्या छावण्यांच्या चालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, व तिच्या संस्थापकांत मॅटूनबाई होत्या. चौदा वर्षांत एका शिक्षिकेच्या धाडसाचा असा व्यवसाय बनला कीं त्याला नियम लागूं लागले.

सरोवराचाच काठ कां, असें कोणी विचारील. तेथील उन्हाळा सौम्य, पाणी बारमाही, आणि स्नान, धुणें, नावा व पोहणें हीं सर्व एकाच जागीं साधत. पण सोय व संकट एकाच पाण्यांत होतीं. त्या काळीं स्त्रियांचे पोहण्याचे कपडे घोळदार व बहुधा लोकरीचे असत; ते भिजले कीं अंगावर ओझें होई. म्हणून मुलींच्या छावण्यांत आंखूड घेराच्या विजारी व खलाशी पद्धतीचे सैल सदरे रूढ झाले. ज्या मातांनीं ओल्या लुगड्यानिशीं नदींतून घागर भरून आणली आहे, त्यांना ह्या सुधारणेचें मर्म सांगावयास नको.

दुसरी सुधारणा जोडीची. पोहावयास उतरणाऱ्या प्रत्येक मुलीस एक जोडीदारीण नेमून द्यावयाची. दर कांहीं मिनिटांनीं शिटी वाजली कीं दोघींनीं हात धरून वर करावयाचा, व काठावरच्या बाईनें जोड्या मोजावयाच्या. काठीं एक फळी टांगलेली असे. पाण्यांत जातांना प्रत्येकीनें आपल्या नांवाचा बिल्ला तिच्यावर उलटा करावा आणि बाहेर येतांच सुलटा. एक बिल्ला उलटा राहिला तर सगळ्या छावणीनें हातचें काम टाकून शोधास लागावें. ह्या उपायाला पैसा लागत नाहीं; शिस्त लागते.

पिण्याचें पाणी

छावणींत मृत्यु नेहमीं बुडूनच येतो असें नाहीं. तो तांब्यांतूनहि येतो. १८९८ सालीं अमेरिका व स्पेन यांचें युद्ध झालें, तेव्हां अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीवरील लष्करी छावण्यांत विषमज्वराची सांथ पसरली. वीस हजारांहून अधिक शिपाई आजारी पडले व सुमारें १,५०० दगावले. लढाईंत पडलेल्यांहून हा आंकडा किती तरी मोठा होता. मेजर वॉल्टर रीड यांच्या चौकशी मंडळानें दाखवून दिलें कीं दोष केवळ पाण्याचा नव्हता. उघडे शौचखड्डे, त्यांवर बसून स्वयंपाकघरांत येणाऱ्या माशा आणि न धुतलेले हात, हे खरे मारेकरी होते. छावणीची आरोग्यव्यवस्था हें एक शास्त्र आहे ही जाणीव अशा मोठ्या किंमतीनें आली, व पुढें मुलांमुलींच्या छावण्यांनीं तिचा लाभ घेतला. शौचकूप विहिरीपासून व तळ्यापासून निदान ३० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगास असावा. रांधण्याची जागा त्याच्या वाऱ्याबाहेर असावी. पिण्याचें पाणी उकळून किंवा औषध टाकून झांकून ठेवावें. हे नियम आज ज्याच्या त्याच्या तोंडीं आहेत. त्यांच्यामागें किती कबरी आहेत हें मात्र आपण विसरतों.

वीरबालांचें घर

इंग्लंडांत १९०९ सालीं क्रिस्टल पॅलेस येथें बालवीरांचा पहिला मोठा मेळावा भरला, तेव्हां कांहीं मुली स्वतः होऊन गणवेष घालून तेथें हजर झाल्या व आम्हांलाहि घ्या म्हणाल्या. त्यांतून १९१० त गर्ल गाइड, म्हणजे आपल्याकडील वीरबाला, ही चळवळ निघाली. हिंदुस्थानांत तिचें पहिलें पथक १९११ सालीं जबलपुरास झालें. भुसावळाहून आगगाडीची जी थोर वाट अलाहाबादेकडे जाते, तिच्यावरचेंच हें शहर. तेव्हां ही चळवळ आपल्या दारावरूनच गेली म्हणावयाची. १९२८ त हंगेरींत तिची जागतिक संघटना स्थापन झाली. ह्या संघटनेनें मुलींसाठीं कायमचीं निवासस्थानें उभारण्यास आरंभ केला : पहिलें १९३२ सालीं स्वित्झर्लंडांत आडेलबोडेन येथें, व १९५७ सालीं मेक्सिकोंत क्वेर्नावाका येथें.

आपल्या महाराष्ट्राचा मान पुढें आला. १६ ऑक्टोबर १९६६ रोजीं पुण्यास येरवड्याच्या बाजूस, आळंदी रस्त्यावर, लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्तें 'संगम' ह्या जागतिक केंद्राचें उद्घाटन झालें. मुळा नदी तेथून जवळच. राहण्याच्या खोल्या, एकत्र जेवणाची व्यवस्था, तंबूंसाठीं राखलेलें मैदान आणि पोहण्यासाठीं बांधीव हौद, अशी तेथील मांडणी आहे. हा हौद विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. नदी जवळ असतांहि मुलींना नदींत उतरविलें नाहीं. खोली माहीत असलेलें, तळ दिसणारें, कुंपणाच्या आंतील पाणी त्यांना दिलें. नदीनें नांव द्यावें, गारवा द्यावा. पोहणें मात्र हौदांत.

इकडे राष्ट्रीय छात्रसेनेचा मुलींचा विभाग १९४९ सालीं सुरू झाला, आणि १९५१ त वीरबाला भारत स्काउट्स व गाइड्स ह्या संस्थेंत सामील झाल्या. आज आपल्या तालुक्यांतील शेतकऱ्याची मुलगीहि छात्रसेनेच्या शिबिरास जाते व तंबूंत झोंपून परत येते. तिच्या आजीला हें स्वप्नांतहि आलें नसतें.

आपलीं तळीं

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. न्यू हॅम्पशायरचें सरोवर व खानदेशाचें तळें ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो. जामनेरची कांग नदी वैशाखांत वाळूची पट्टी होऊन राहते. अजिंठ्याच्या लेण्यांखालून घोड्याच्या नालासारखें वळण घेऊन येणारी वाघूर आतां धरणानें अडविली आहे, व तिचें पाणी जळगांव शहर पितें. असल्या पाण्यांत स्नानाचा विचारहि मनांत आणूं नये. जळगांवचें मेहरूण तळें शहराला लागून आहे. खरें थंड तळें पाहिजे तर सातपुड्याच्या माथ्यावर, १,१०० मीटरांहून उंच, तोरणमाळास यशवंत तलाव आहे. पण तें स्थळ आजच्या नंदुरबार जिल्ह्यांत, आपल्यापासून फार दूर.

शिवाय आपलीं बहुतेक तळीं म्हणजे मातीचा बांध घालून अडविलेलें पाणी. पावसाळ्याच्या अखेरीस तीं तुडुंब दिसतात. मे महिन्यांत पाणी मागें हटतें व मधला गाळ उघडा पडतो. वरून तो वाळलेला, भेगाळलेला दिसतो; आंत पाय गुडघ्यापर्यंत रुततो. कोठें शेतासाठीं गाळ उपसलेला असतो, त्याचे उभे खड्डे राहतात. कोठें बुडालेल्या शेतांतली जुनी विहीर पाण्याखालीं तोंड उघडून असते.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. मी नवा धर्मगुरु असतांना एका शाळेच्या मुलींबरोबर एका तळ्यावर एक दिवसाच्या सहलीस गेलों होतों. जागा आधीं कोणीं पाहिली नव्हती. मींहि विचारलें नाहीं. पाय धुवावयास गेलेली एक मुलगी दोन पावलांवरच गाळाच्या खड्ड्यांत गळ्यापर्यंत गेली. शेजारीं गुरें पाजणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनें आपलें लुगडें सोडून त्याचें टोंक तिच्याकडे फेंकलें, म्हणून ती वांचली. त्या बाईला खड्डा ठाऊक होता. आम्हां शिकलेल्यांना नव्हता. त्या दिवसापासून "पाणी तें पाणी" असें म्हणणाऱ्या मातेस मी भित्री म्हणत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ ह्या एका वर्षांत जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं. मातेचें भय निराधार नाहीं.

तर मग मुलींना घरींच ठेवावें काय? इतिहासाचें उत्तर तसें नाहीं. मॅटूनबाईंनीं भय नाकारलें नाहीं व त्यापुढें हारहि मानली नाहीं. त्यांनीं भयाचे नियम बनविले. तोच मार्ग आपण धरावा असें मला वाटतें. जागा मुरमाची व उंचवट्याची असावी, काळ्या जमिनीची नसावी. कारण वळवाचा एक पाऊस पडला कीं काळ्या जमिनींत तंबूची खुंटी धरत नाहीं. सांवली निंब, चिंच किंवा वड यांची असावी. बाभळीखालीं कांट्यांत मुली बसवूं नयेत. निजावयास पक्की इमारत असावी, व दुपारीं अकरा ते पांच मुलींनीं तिच्याबाहेर पडूं नये. तळें दिसावें, पण तें मुक्कामापासून हांकेच्या पलीकडे असावें आणि मध्यें कुंपण असावें. पहिल्या वर्षीं पाण्यांत उतरणें मुळींच नको. स्नान बांधीव न्हाणीघरांत. शौचकूप, दिवा व दाराची कडी ह्या तीन गोष्टी मुलींच्या शिबिरांत देवळाइतक्याच अगत्याच्या समजाव्या. जेथें रात्रीं एकटीला बाहेर जावयास भीति वाटते, तेथें मुलगी पाणी पिणें सोडते व आजारी पडते.

आणि सर्वांत महत्त्वाचें : जागा ठरविण्यापूर्वीं मातांनीं ती स्वतः पायांनीं चालून पाहावी. मे महिन्यांत, पाणी आटलेलें असतांना पाहावी, आणि त्या गांवच्या गुराख्यांना व धुणें धुणाऱ्या बायकांना खड्डे कोठें आहेत तें विचारावें. धर्मग्रामाची समिति त्यांच्यामागून जाईल, पुढें नाहीं. त्यांनीं नको म्हटलें तर ती जागा सोडावी व दुसरी शोधावी.

आपल्या वाडवडिलांनीं देवळासाठीं जागा निवडतांना पाणी, वाट व शेजार पाहिला होता. त्यांच्या नातींसाठीं आठ दिवसांची जागा निवडतांना आपण तितकीच काळजी घेतली, तर आखाजीचा झोका गांवाच्या शिवेबाहेर गेला तरी त्याची दोरी आपल्याच हातीं राहील. प्रभु आपल्या लेंकींचें रक्षण करो, व रक्षणाचें जें काम त्यानें आपल्यावर सोंपविलें आहे तें करण्याची बुद्धि आपणांस देवो.