दार कोणी उघडले? ग्लॅडिस वेस्ट आणि संरक्षण संशोधनातील 'मेरिट'

मागे विहारात विद्यार्थ्यांसाठी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम घेतला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा म्हणाला, "दादा, मला संरक्षण संशोधनात जायचंय. पण वर्गातली पोरं म्हणतात, तिथे कोटा चालत नाही, तिथे मेरिट लागतं." मुलगा हुशार आहे, पण हे सांगताना त्याची मान खाली गेली होती. त्याला जे उत्तर दिले, तेच इथे सविस्तर मांडतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १९३० साली ग्लॅडिस वेस्ट यांचा जन्म झाला. वडील शेतकरी, आई तंबाखूच्या कारखान्यात कामाला. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ग्लॅडिस शाळेत पहिल्या आल्या, शिष्यवृत्ती मिळाली आणि कृष्णवर्णीयांसाठीच्या व्हर्जिनिया स्टेट कॉलेजात त्या गणित शिकल्या. काही काळ शिक्षिकेची नोकरी केली. १९५६ साली डालग्रेन येथील नौदलाच्या शस्त्रचाचणी केंद्रात त्या गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या. तिथे नेमलेल्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री, आणि त्यांच्यासह कृष्णवर्णीय कर्मचारी अवघे चार.

हे केंद्र मुळात नौदलाच्या तोफा तपासण्यासाठी सुरू झाले होते. पुढे तोफांची जागा क्षेपणास्त्रांनी घेतली आणि आकडेमोड संगणकांवर गेली. ग्लॅडिस या अवाढव्य यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहीत, आलेली उत्तरे तपासत, चुका शोधत. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही. तिच्या पोटातले वस्तुमानही सगळीकडे सारखे नाही, म्हणून गुरुत्वाकर्षण जागोजागी बदलते आणि उपग्रहाची कक्षा किंचित हलते. हा फरक मोजल्याशिवाय उपग्रहाच्या आधारे जमिनीवरचे ठिकाण अचूक सांगता येत नाही. उपग्रहांनी पाठवलेल्या मोजमापांतून पृथ्वीचा खरा आकार गणिताने उभा करणे, हे त्यांचे अनेक वर्षांचे काम. १९७८ साली सोडलेल्या सीसॅट उपग्रहाच्या माहितीवर काम करणाऱ्या प्रकल्पाच्या त्या व्यवस्थापक होत्या. जीपीएस त्यांनी एकटीने शोधले, असे समाजमाध्यमांवर फिरते, ते खरे नाही. पण जीपीएस ज्या पायावर उभे आहे, त्या पायात त्यांचे गणित आहे, हे निर्विवाद.

४२ वर्षे नोकरी करून १९९८ साली त्या निवृत्त झाल्या. नंतर पक्षाघात झाला, तरी २००० साली पीएच.डी. पूर्ण केली. अमेरिकी हवाई दलाने त्यांचा गौरव केला, तो २०१८ साली.

आता मुख्य प्रश्न. हे दार उघडले कोणी?

१९४१ साली अमेरिकेत युद्धसामग्रीचे कारखाने धडाक्याने चालू होते, पण कृष्णवर्णीयांना तिथे झाडूकामापलीकडे फारसे काही मिळत नव्हते. रेल्वेच्या पोर्टरांची युनियन बांधणारे कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी एक लाख लोकांचा मोर्चा वॉशिंग्टनवर नेण्याचा इशारा दिला. मोर्चा निघण्याच्या काही दिवस आधी, २५ जून १९४१ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ८८०२ काढला : संरक्षण उद्योगात आणि सरकारी नोकरीत वंशावरून भेदभाव करता येणार नाही. १९४८ साली खुद्द सैन्यातला भेदभाव संपवण्याचा आदेश निघाला. ही दारे संघटित दबावामुळे किलकिली झाली.

दार उघडले म्हणून समाज बदलला, असेही नाही. शाळांतील वंशभेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली बेकायदा ठरवला, तेव्हा याच व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने कृष्णवर्णीय मुलांना सोबत बसवण्याऐवजी १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. याच वर्षांत, याच राज्यात ग्लॅडिस वेस्ट देशाच्या नौदलासाठी प्रोग्रॅम लिहीत होत्या.

बाबासाहेबांना हा लढा परका नव्हता. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील निवेदनाची प्रत मागवली होती. आणि आपला इतिहास तरी काय सांगतो? १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या लढणारी जमात अचानक 'लढाऊ' उरली नाही! १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या काळात त्या माणसांचे शौर्य कुठे गेले नव्हते. फक्त भरतीचा कागद बदलला होता. व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, त्या हे ओळखूनच.

तरीही १९९२ साली इंद्रा सहानी खटल्याच्या निकालात, कुठे आरक्षण ठेवणे इष्ट ठरणार नाही, याची उदाहरणादाखल यादी आली. तिच्यात संरक्षण दलांतील तांत्रिक पदे आली, संशोधन संस्थांमधील तांत्रिक पदे आली, अणुऊर्जा आणि अवकाशही आले. ज्या निकालाचे आपण मंडलच्या संदर्भात स्वागत करतो, त्याच निकालातला हा परिच्छेद आपले कार्यकर्ते क्वचितच वाचतात. त्यामागचे गृहीतक असे, की अवघड काम आणि राखीव जागा एकत्र नांदू शकत नाहीत. ग्लॅडिस वेस्ट यांना आरक्षण नव्हते, हे खरे. पण ८८०२ सारखे आदेश आणि त्यामागचे आंदोलन वजा करा, मग डालग्रेनच्या फाटकापर्यंत त्या पोहोचतात का, ते सांगा. गुणवत्ता होतीच. ती मोजायला कोणी तयार नव्हते.

काही बौद्ध मित्र विचारतील, शस्त्रांशी जोडलेले काम सम्यक आजीविकेत बसते का? प्रश्न रास्त आहे आणि ग्लॅडिस यांचे गणित क्षेपणास्त्रांच्याही कामी आले, हे मी लपवत नाही. प्रत्येकाने आपल्या विवेकाला विचारावे. पण नको म्हणण्याचा अधिकार आत जाऊ शकणाऱ्यालाच असतो. ज्याला फाटकावरच अडवले, त्याच्या अहिंसेची कसोटी लागत नाही. त्याचा फक्त अपमान होतो.

म्हणून त्या मुलाला सांगितले, अर्ज भर, अभ्यास कर. आणि पुन्हा कोणी मेरिटचे सांगितले, तर त्याला मोबाइलमधला नकाशा उघडायला सांग.

जय भीम!