पान बंद झाले म्हणजे

शाळा मला सातवीपर्यंतच लाभली. कायदा शिकलो तो विडी कामगारांच्या खटल्यांची निकालपत्रे वाचून. जाणत्यांनी चूकभूल पदरात घ्यावी.

विडीच्या धंद्यात कामावरून काढण्याची रीत निराळी आहे. नोटीस नाही, आरोप नाही. मुकादम पान-तंबाखू वाटतो आणि एके दिवशी एखादीच्या टोपलीत काही टाकीत नाही. "बाई, उद्यापासून पान बंद." माझ्या आईने हे वाक्य ऐकले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ती मालकाकडे गेली. तो म्हणाला, "तुम्ही आमच्या नोकर कधी होतात? घरी बसून वळता, हवे तेव्हा वळता. तुम्ही स्वतंत्र!"

हा 'स्वतंत्र' शब्द त्याने मनाने काढला नव्हता. १९५८ साली मध्य प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, तंबाखू घेऊन आपल्या जागी विड्या वळवून देणारा सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार होय. त्याची माणसे कारखान्याचे कामगार नव्हेत. हे एक वेळ समजू शकते. परंतु १९६१ साली सिन्नरचा खटला आला. तेथला कामगार कारखान्यातच बसून वळीत होता. त्याने रजेचा पगार मागितला. न्यायालय बहुमताने म्हणाले, याला येण्याजाण्याच्या वेळेचे बंधन नाही, कामावर देखरेख नाही. सबब कारखाना कायद्याप्रमाणे हा कामगार नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. थोडेच आधी नागपूरच्या विडीवाल्यांना याच न्यायालयाने कामगार मानले होते. फरक एवढाच की, नागपुरात हजेरी लागे आणि दुपारनंतर आलेल्यास आत घेत नसत. उशिरा येण्याची जी मोकळीक गरिबाला मिळाली, तीच त्याच्या हक्काच्या मुळावर आली!

१९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा झाला तो हा घोळ मिटविण्यासाठी. घरी वळणारी बाई, ठेकेदारामार्फत माल घेणारी बाई, दोघीही त्यात कामगार ठरल्या. एकतिसाव्या कलमाने सांगितले की, सहा महिने काम केलेल्यास वाजवी कारणावाचून, आणि एक महिन्याची नोटीस अथवा तितके वेतन दिल्यावाचून काढता येणार नाही. काढल्यास अपील करता येईल. मालक न्यायालयात गेले, तरी १९७४ साली कायदा टिकला. आईचे पान बंद झाले तेव्हा कलम जुने झाले होते. आमच्या गल्लीत मात्र ते पोचले नव्हते. आणि पोचते तरी सहा महिने सिद्ध कशाने करणार? मुकादमाच्या हातचे आकडे असलेली चोपडी तिने पावसाळ्यात चुलीत घातली होती. म्हणून पुढे संघटनेत आल्यावर मी पगारवाढीच्या आधी कार्डाचा आग्रह धरीत आलो. काही सहकारी मला त्यावरून हसत.

आता या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. कार्ड मागणाऱ्यांची पाळी पुन्हा आली आहे.

कलमाला मर्यादाही होतीच. मालकाने एकीचे नव्हे, सगळ्यांचेच पान बंद केले तर? केरळात हेच घडले. तेथे कायदा अमलात येताच, १९६८ साली, मंगळूरकडच्या मालकांनी कण्णूर भागातल्या शाखा बंद केल्या आणि हजारो हात रिकामे झाले. राज्य सरकारने साह्य दिले आणि १९६९ च्या फेब्रुवारीत कामगारांनी 'केरळ दिनेश बीडी' ही स्वतःची सहकारी संस्था काढली. पान वाटणारेही तेच, वळणारेही तेच.