उदबत्तीतला ऊद

पुरुषांच्या महागड्या अत्तरांवर हल्ली ‘ऊद’ असं नाव दिसतं. शब्द अरबी, मूळ अर्थ नुसता लाकूड. अरबांच्या एका तंतुवाद्याचंही हेच नाव. आपल्या उदबत्तीत हा शब्द कधीचाच येऊन बसला आहे. अत्तरातला ऊद म्हणजे संस्कृतातला अगुरू. आसामात वाढणाऱ्या अगुरूच्या झाडाचं निरोगी लाकूड फिकट, जवळजवळ बिनवासाचं. बुरशी लागली की झाड राळ धरतं, गाभा काळवंडतो आणि तोच दरवळतो! मराठीत पुढे ऊद म्हणजे दुसऱ्याच झाडाची, धुपातली राळ झाली. अत्तरांवर ऊदासोबत दिसणारं ‘पचौली’ हे नाव तमिळकडचं: ‘पच्चै’ म्हणजे हिरवं, ‘इलै’ म्हणजे पान. या पानाला आपल्याकडे पाच म्हणतात, गजऱ्यात गुंफतात. अत्तर घ्याल तेव्हा दुकानदाराकडे पाच मागून पाहा.