मोडेनाचा शनी

कानांत बोटं घाला. नाही घातलीत तरी बिघडत नाही, दहा मिनिटांत कान आपोआप बधिर होतील. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल, तर हा ठणठणाट ओळखीचा वाटेल. फक्त इथे तांब्याऐवजी ॲल्युमिनियम आहे, आणि घडतंय ते पातेलं नव्हे. जुलै 1958. इटलीतल्या मोडेना शहरात, सर्जिओ स्कालियेत्तींच्या कारखान्यात उभे आहात तुम्ही. पो नदीच्या खोऱ्यातला चिकट उकाडा. शर्ट पाठीला डकवलेला, नाकात गॅस वेल्डिंगचा वास.

समोरचा कारागीर वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून ठोकतोय. आराखडा शोधू नका, इथलं बरंचसं काम नजरेच्या अंदाजाने होतं. पत्रा फुगतो, वळतो, मडगार्ड होतो. गाडी फेरारीची, नाव ‘तेस्ता रोसा’, म्हणजे लाल डोकं. इंजिनाच्या झाकणांना लाल रंग दिलेला म्हणून. पुढच्या चाकांमागे पत्रा आत घेतलाय, तापलेल्या ब्रेकना वारा लागावा यासाठी. कारण एवढं रुक्ष, आणि दिसते मात्र चक्क कंबर! फिरवा हात, लाजू नका. अंगठी तेवढी काढा, ओरखडा पडेल.

आता जेवणाची सुट्टी. बाहेर व्हेस्पांचा कलकलाट, कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफीचा कडू दरवळ. पण आत कुणी मोठ्याने बोलत नाहीये. रीम्सच्या शर्यतीत लुइजी मुस्सो गेला, याच फेरारीची गाडी चालवताना. गेल्या वर्षी मिल्ले मिलियाच्या शर्यतीत ग्विदीत्सोलो गावापाशी फेरारीच्याच गाडीचा टायर फुटला, तेव्हा रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक गेले होते. त्यांतली पाच मुलं. व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने एन्झो फेरारींना आता शनीची उपमा दिलीय. आपला साडेसातीवाला नव्हे. रोमन पुराणातला, पोटची पोरं गिळणारा. शेजारची म्हातारी छातीवर क्रूस काढते. मग पेपरातला गाडीचा फोटो चष्म्याजवळ नेऊन बघते. बराच वेळ.

कॉफी संपवा आणि कॅथेड्रलकडे चला. चर्चचा राग गोलाईवर असता, तर आधी हीच भिंत पाडावी लागली असती. दर्शनी बाजूला विलिजेल्मोने कोरलेली हव्वा उघडीच उभी आहे, साडेआठशे वर्षं. पाद्र्यांना खुपतेय ती गाडीची भूक, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही. अर्थात मघाशी मीही हात फिरवलाच.

दाराशी दगडी सिंह आहेत. एक पोरगा त्यातल्या एकावर घोड्यासारखा बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढतोय. गियर बदलतो, वळण घेतो, आईच्या हाकेला ओ देत नाही. तुम्ही सिंहाच्या उन्हाने तापलेल्या पाठीवर तळवा टेकता. उचलता, तर दगडावर ॲल्युमिनियमचा करडा ठसा.