ओपनसीव्ही : रास्पबेरी पायवरील उभारणी

ओपनसीव्ही ही कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातून कडा, आकार, चेहरे, अक्षरे आणि हालचाल ओळखणारी मुक्त लायब्ररी आहे. रास्पबेरी पाय हा ८५ मिमी. लांब व ५६ मिमी. रुंद अशा एकाच बोर्डावर मावणारा संगणक. पहिली दुसऱ्यावर बसवून चालू करणे हा या नोंदीचा विषय. वसई-विरार पट्ट्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात हे काम हमखास भेटते. प्रकल्पाचा मूळ विषय बाजूला राहून पहिले काही दिवस यातच जातात, हेही तितकेच हमखास.

ओपनसीव्हीचे काम गॅरी ब्रॅडस्की यांनी १९९९ मध्ये इंटेल कंपनीत सुरू केले. पहिली चाचणी आवृत्ती २००० मध्ये, १.० आवृत्ती २००६ मध्ये आणि ४.० आवृत्ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. ४.५ आवृत्तीपासून (२०२०) ती अपाचे २ परवान्याखाली मिळते. रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. ३५ डॉलर किंमत, ७०० मेगाहर्ट्झचा एकच गाभा आणि २५६ एमबी मेमरी असे त्याचे रूप होते. म्हणजे लायब्ररी जन्मली इंटेलच्या प्रोसेसरांच्या घरात आणि बोर्डावर बसला एआरएमचा प्रोसेसर. टेबलावरच्या संगणकासाठी तयार प्रती एका आज्ञेत उतरत असताना पायसाठी त्या बरीच वर्षे सहज मिळत नव्हत्या. मूळ सी++ कोड बोर्डावरच कंपाइल करावा लागे. आज ती गरज क्वचित उरली आहे. तरीही जुन्या कृती हातोहात फिरत राहिल्यामुळे नवशिक्या मुलगा आजही रात्रभर कंपाइल करत बसतो. या उभारणीतल्या त्रासाचे खापर लायब्ररीवर फोडले जाते, पण दोष बहुतेक वेळा मेमरीचा, चार्जरचा किंवा न जुळणाऱ्या आवृत्त्यांचा असतो.

स्थानिक संदर्भ : पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, वसई-विरार शहर महानगरपालिका त्याआधीची, ३ जुलै २००९ ची. वसई रोडचे विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालय (१९९४), विरार पूर्वेला शिरगावचे विवा, कामणचे युनिव्हर्सल आणि पालघरचे सेंट जॉन अशी महाविद्यालये या पट्ट्यात आहेत. वालीव, सातिवली, गोखिवरे भागांत लहान कारखान्यांचे गाळे आहेत. प्लास्टिकचे झाकण तिरके बसले का, लेबल चिकटले का, एवढे तपासायला लाखोंचे यंत्र गाळेवाल्याला परवडत नाही. अशा कामाला पाय आणि एक कॅमेरा पुरतो. बोर्ड मात्र जवळपास सहसा मिळत नाही. विरारहून चर्चगेटची लोकल पकडायची, ग्रँट रोडला उतरायचे आणि डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा लॅमिंग्टन रोड, गाठायचा हा नेहमीचा रिवाज. त्या फेरीत बोर्ड, कार्ड, कॅमेरा येतो आणि मूळ अडॅप्टर तेवढा ‘घरी मोबाइलचा चार्जर आहे की’ म्हणून राहतो. पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच आहे.

पाय ३ ला ५ व्होल्ट आणि २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर लागतात. पाय ५ साठी ५ अँपिअरचा अडॅप्टर सुचवला जातो. मोबाइलचा चार्जर आणि बारीक तारेची केबल लावली, की चारही गाभे कामाला लागताक्षणी विजेचा दाब घसरतो. तो सुमारे ४.६३ व्होल्टखाली गेला, की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि प्रोसेसर आपला वेग उतरवतो. मुले ते चिन्ह पाहतात आणि सोडून देतात. बोर्ड तापला तरी वेग असाच उतरतो. बहुतेक बोर्डांत ही मर्यादा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. एप्रिल-मेच्या वसईत पत्र्याखालच्या गाळ्यात, बंद डबीत ठेवलेला बोर्ड तिथवर पोचायला फार वेळ घेत नाही. पाय ४ आणि ५ ला पंखा ही चैन नव्हे.

तयार प्रत बसवणे : रास्पबेरी पाय ओएस ही डेबियनवर बेतलेली आहे, त्यामुळे पॅकेजे बसवणाऱ्या एपीटीच्या एका आज्ञेने ‘पायथन३-ओपनसीव्ही’ हे पॅकेज उतरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म या यंत्रणेच्या आवृत्तीत या मार्गाने ओपनसीव्हीची ४.६ आवृत्ती मिळते. ती अगदी ताजी नाही, पण चेहरे शोधणे, रंग वेगळे काढणे, कडा मोजणे, कॅमेरा वाचणे यांतले काही ताज्या आवृत्तीवाचून अडत नाही. पहिला प्रयत्न याच मार्गाने करावा आणि जमला तर तिथेच थांबावे. ‘ताजी आवृत्ती हवी’ हे कारण प्रकल्पाच्या अहवालात छान दिसते. त्या आवृत्तीतले नेमके कोणते फंक्शन हवे, याचे उत्तर सहसा मिळत नाही.

दुसरा मार्ग पायथनची पॅकेजे उतरवणाऱ्या पिपचा. बुकवर्मपासून पिपने थेट यंत्रणेच्या पायथनमध्ये काही टाकू पाहिले, तर ‘बाहेरून व्यवस्थापित वातावरण’ अशा अर्थाची तांबडी ओळ येते. ती चूक नसून अटकाव आहे : एपीटीने बसवलेल्या वस्तूंवर पिपने पाय देऊ नये म्हणून घातलेला. तो मोडून पुढे जाण्याचा पर्याय असतो, पण तो वापरू नये. आभासी वातावरण तयार करावे आणि ते करताना यंत्रणेची पॅकेजे दिसू देणारा पर्याय चालू ठेवावा. हा पर्याय विसरला, की ओपनसीव्ही उत्तम चालते आणि कॅमेऱ्याची लायब्ररी ‘सापडत नाही’ म्हणते, कारण ती एपीटीने बाहेर बसवलेली असते.

पिपचे खरे दुखणे वेगळे आहे. बोर्डाला जुळणारी तयार प्रत, जिला व्हील म्हणतात, मिळाली नाही तर पिप गुपचूप मूळ कोड उतरवतो आणि स्वतःच कंपाइल करू लागतो. पडद्यावर ‘बिल्डिंग व्हील’ ही एक ओळ आणि शेजारी फिरणारी रेघ, बाकी काही हलत नाही. अर्धा तास झाला, दोन तास झाले. बंद पडले की चालू आहे ते कळत नाही. अशा वेळी वाट पाहण्यात अर्थ नसतो. काम थांबवून आधी पिप अद्ययावत करावा, मग यंत्रणा ३२ बिटची की ६४ बिटची ते तपासावे. ३२ बिटसाठी पायव्हील्स हा प्रकल्प पायकरिता मुद्दाम तयार प्रती बनवून ठेवतो; ६४ बिटसाठीच्या प्रती पायथनच्या मुख्य साठ्यातच असतात. तपासताना एक चकवा आहे. पाय ४ वर ३२ बिटची यंत्रणा असली तरी तिचा कर्नल ६४ बिटचा असू शकतो, आणि ‘युनेम’ आज्ञा कर्नलचेच नाव सांगते. यंत्रणेचे खरे उत्तर ‘डीपीकेजी’ला आर्किटेक्चर विचारल्यावर मिळते : ‘आर्महार्डफ्लोट’चे संक्षिप्त नाव आले तर ३२, ‘आर्म६४’ आले तर ६४.

पिपवर ओपनसीव्हीची चार पॅकेजे आहेत : साधे, जादा मॉड्यूलांचे, आणि या दोहोंची पडदा नसलेल्या यंत्रासाठीची रूपे. चारांपैकी एकच ठेवावे. दोन एकत्र बसवली, की एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर लिहिल्या जातात. ओपनसीव्ही ज्यावर चालते त्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची २.० आवृत्ती (जून २०२४) आल्यानंतर आणखी एक भांडण सुरू झाले. जुन्या नमपायवर बांधलेली प्रत नव्यापुढे चालत नाही, आणि पायथन न उमगणारी तक्रार करतो. बहुतेक वेळा नमपाय दोनच्या खालच्या आवृत्तीवर आणून ठेवला, की भांडण मिटते.

स्वतः कंपाइल करणे : काही कारणांसाठी हे खरोखर लागते. तयार प्रतीत नसलेले एखादे मॉड्यूल हवे असेल, जीस्ट्रीमरमार्गे सीसीटीव्हीचा प्रवाह वाचायचा असेल, किंवा विशिष्ट प्रोसेसरसाठी वेग वाढवायचा असेल. पाय २ पासूनच्या प्रोसेसरांत निऑन ही एकाच वेळी अनेक आकडे हाताळणारी सोय आहे. ३२ बिट यंत्रणेवर बांधणीचे पर्याय ठरवणाऱ्या सीमेकला ती वापर म्हणून सांगावे लागते. मुख्य कोड आणि जादा मॉड्यूले (कॉन्ट्रिब) एकाच आवृत्तीची घ्यावीत. चाचण्या आणि नमुना प्रोग्रॅम बांधण्याचे पर्याय बंद करावेत; वेळ बराच वाचतो.

सर्वांत जास्त बळी घेते ती मेमरी. पाय ३ मध्ये ती १ जीबी. कंपाइल चालवणाऱ्या ‘मेक’ला चारही गाभे वापरायला सांगितले, की चार फाइली एकाच वेळी कंपाइल होऊ लागतात, आणि मोठ्या फाइलींची गाठ पडली की मेमरी संपते. तोवर कंपाइलच्या प्रगतीचा आकडा बरेचदा नव्वद टक्क्यांच्या पुढे सरकलेला असतो. माऊस थिजतो, हिरवा दिवा अखंड पेटून राहतो. उपाय साधा आहे. बुकवर्मपर्यंतच्या यंत्रणेत स्वॅपची, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर कार्डावर वापरायच्या जागेची, फाइल लहान धरलेली असते. ‘डीफिज-स्वॅपफाइल’च्या सेटिंगमध्ये ती २०४८ एमबीची करावी आणि १ जीबीच्या बोर्डावर एकाच गाभ्यावर, फार तर दोनांवर, काम चालवावे. पाय ३ वर मग काही तास लागतात. ४ जीबीच्या पाय ४ वर चारही गाभे लावून तास-दीड तासात काम उरकते. झाल्यावर स्वॅप पुन्हा लहान करावा, कारण एसडी कार्ड सतत लिहिण्यासाठी बनलेले नसते.

वसईत कंपाइलच्या या त्रासाला पावसाळ्याची जोड मिळते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले होते, तशी वेळ रोज येत नाही; पण जूनमध्ये दोन-चार मिनिटांसाठी वीज जाणे नवे नाही, आणि पायला बॅटरी नसते. वीज परत आल्यावर ‘मेक’ पुन्हा चालवले तर ते झालेले काम सोडून पुढून सुरू होते, ही त्याची खुबी. फक्त वीज जाताना जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट राहते, आणि शेवटी जोडणीच्या वेळी ‘फाइल ओळखू येत नाही’ अशी अडचण उभी राहते. तेवढीच एक .ओ फाइल पुसून पुन्हा ‘मेक’ चालवले की पुरते. सगळे फोल्डर उडवून शून्यापासून सुरुवात करण्याची घाई करू नये. लॅपटॉपवरून एसएसएचने काम चालले असेल, तर ते जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्समध्ये चालवावे. नाहीतर वायफाय गेले की जोडणी तुटते आणि तिच्याबरोबर कंपाइलही मरते. शेवटी ‘एलडीकॉन्फिग’ चालवल्याशिवाय यंत्रणेला नव्या लायब्रऱ्यांचा पत्ता लागत नाही.

बसले की नाही हे पाहायला पायथनमध्ये ‘सीव्ही२’ आयात करून आवृत्ती छापतात. एवढ्यावर न थांबता बांधणीची माहिती देणारे फंक्शनही चालवावे. त्यात निऑन आहे की नाही ते, आणि जीस्ट्रीमर, व्हिडिओ यांपुढे ‘यस’ की ‘नो’ ते दिसते.

कॅमेरा : यूएसबी वेबकॅम ओपनसीव्ही थेट उघडते. पायच्या पट्टीच्या केबलने जोडायच्या कॅमेऱ्याचे तसे नाही. नोव्हेंबर २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीपासून कॅमेऱ्याची सगळी व्यवस्था लिबकॅमेरा या नव्या लायब्ररीवर गेली, त्यामुळे त्याआधीच्या कृतींमधला कॅमेऱ्याचा भाग बहुतेक निरुपयोगी झाला आहे. आता तिच्यावर बेतलेल्या पायकॅमेरा२ या पायथन लायब्ररीकडून चित्र आकड्यांच्या तक्त्याच्या रूपात घ्यायचे आणि ओपनसीव्हीच्या हाती द्यायचे. इथे रंगांचा घोळ होतो. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-तांबडा अशा क्रमाने वाचते. बाकी जग बहुधा उलट क्रमाने. क्रम चुकला तर पिवळेधमक राजेळी केळे पडद्यावर आकाशी दिसते आणि अबोलीचा गजरा निळा. पायकॅमेरा२ मध्ये ‘आरजीबी८८८’ नावाचे स्वरूप निवडले, तर तक्त्यात क्रम ओपनसीव्हीला हवा तसाच येतो. नाव उलटे आहे खरे, पण आहे ते असे आहे.

देवनागरी : मराठी वापरणाऱ्याला हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे चित्रावर लिहिणे. ओपनसीव्ही ४ चे ‘पुटटेक्स्ट’ हे फंक्शन १९६७ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत ए. व्ही. हर्शी यांनी बनवलेले रेघांचे टाइप वापरते. त्यांत देवनागरी नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि हर्शीचा साधा टाइप प्रत्येक बाइटसाठी एक प्रश्नचिन्ह काढतो. ‘वसई’ लिहायला जावे तर नऊ प्रश्नचिन्हे उमटतात. सोपा उपाय पिलो या पायथनच्या चित्र-लायब्ररीचा : चित्र पिलोकडे द्यावे, लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्टने लिहावे आणि परत घ्यावे. मात्र पिलोला राक्म या मांडणी करणाऱ्या लायब्ररीची जोड हवी. ती नसेल तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. कॉन्ट्रिबमधले फ्रीटाइप मॉड्यूल अक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझच्या मदतीने हेच काम ओपनसीव्हीच्या आतच करते. ते हवे असेल तर कंपाइल करण्याआधी फ्रीटाइप व हार्फबझची विकास-पॅकेजे बसवलेली असावी लागतात. नंतर बसवून उपयोग होत नाही.

वाहनाची नंबरप्लेट वाचणे हा या पट्ट्यातल्या प्रकल्पांचा लाडका विषय, आणि तिथे देवनागरीचा प्रश्न नियमानेच मिटला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्लेटवर रोमन अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंकच चालतात. त्यामुळे वसईच्या ‘एमएच ४८’ गाड्यांच्या प्लेटा अक्षरे वाचणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅमला इंग्रजी भाषेच्या संचानेच वाचायला द्याव्यात. मराठीचा संच जोडला तर अचूकता घटण्याचीच शक्यता. पायची ताकद इथे ओळखून असावे. प्लेटचा चौकोन लहान चित्रात शोधून तेवढाच भाग वाचला तर पाय ४ ला काम झेपते; पूर्ण चित्रावर वस्तू ओळखणारे योलोसारखे मोठे न्यूरल जाळे चालवले तर सेकंदाला मोजकीच चित्रे पुढे सरकतात. त्याहून वेग हवा असेल, तर पाय ५ साठी जून २०२४ मध्ये आलेल्या एआय किटमधील हेलो चिपसारखा वेगळा प्रवेगक लागतो, आणि तो वापरताना जड गणित ओपनसीव्हीकडे राहतच नाही.

सगळे नीट चालू लागले, की त्याच दिवशी यंत्रणेतल्या ‘एसडी कार्ड कॉपियर’ने दुसऱ्या कार्डावर प्रत काढून ठेवतात. चौघांच्या गटात बोर्ड एक आणि कार्डे चार असतील, तर प्रत्येकाने वेगळी उभारणी करण्याचे कारण उरत नाही. पुढे एखाद्याने सादरीकरणाच्या आदल्या रात्री ‘अपग्रेड’ मारले, तर जुने कार्ड घालून बोर्ड पुन्हा उभा राहतो.