सरकीवरील लव आणि जलशोधक पटले

कापसापासून सरकी वेगळी केल्यावर तिला जी आखूड लव चिकटून राहते, ती सूत कातण्याच्या उपयोगाची नसते. सूतगिरणीच्या दृष्टीने टाकाऊ असलेल्या या लवेत सेल्युलोजचा अंश मात्र विपुल असतो. म्हणून सेल्युलोज ॲसिटेट तयार करण्यासाठी लाकडाच्या लगद्याप्रमाणेच तिचाही उपयोग होत आला आहे. जलशोधक पटलांच्या इतिहासात या पदार्थाला मानाचे स्थान आहे. परंतु ते त्याला केवळ त्याच्या गुणांमुळे मिळाले, असे म्हणता येत नाही.

सेल्युलोजपासून पटले बनविण्याची कल्पना जुनी होय. १८४६ साली शॉनबाइन याने कापसावर आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज सिद्ध केले. त्याच्या द्रावणाची, म्हणजे कोलोडियनची, पटले फिक याने १८५५ मध्ये विसरणाच्या प्रयोगांत वापरली. द्रावणाची तीव्रता बदलून रंध्रांचा आकार नियंत्रित करता येतो, हे १९०७ मध्ये बेखहोल्ड याने दाखविले.

खाऱ्या पाण्यातील क्षार अडविणे हा याहून बिकट प्रश्न. सेल्युलोज ॲसिटेटचे पटल क्षार अडविते, हे फ्लोरिडा विद्यापीठातील रीड व ब्रेटन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु त्यातून पाणी इतके मंद झिरपे की व्यवहारात त्याचा उपयोग नव्हता. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस येथील शाखेत लोब व सौरिराजन यांनी पदार्थ तोच ठेवून कृती बदलली. द्रावणाचा पातळ थर पसरून तो अल्पकाळ सुकू द्यावयाचा, मग बर्फासारख्या थंड पाण्यात बुडवावयाचा आणि शेवटी गरम पाण्यात ठेवावयाचा. परिणामी वर अतिशय पातळ, घट्ट त्वचा आणि खाली सच्छिद्र आधार, असे विषम पटल तयार झाले व प्रवाह कितीतरी वाढला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावी अशा पटलांवर चालणारे जलशुद्धिकेंद्र सुरू झाले.

तथापि सेल्युलोज ॲसिटेट अल्कधर्मी पाण्यात विघटित होते आणि जंतूही त्याचा नाश करू शकतात. १९७० नंतरच्या दशकांत संश्लेषित पॉलिअमाइडच्या पटलांनी त्याला बव्हंशी मागे सारले. उसाची चिपाडे, भाताचा तूस, कोळंबीची टरफले यांपासून पटले घडविण्याचे प्रयत्न आज होत आहेत. त्यांचे मूल्यमापन करताना हा इतिहास विसरता कामा नये. कच्चा माल फुकट मिळाला, एवढ्याने पटल स्वस्त वा निर्दोष ठरत नाही. द्रावक कोणता, कृती कशी आणि पटल पाण्यात टिकते किती काळ, यांवरच त्याची खरी किंमत ठरते.